उतारावरचा बंकर फटका

गोल्फच्या मैदानातील वाळूच्या खड्ड्यात, म्हणजे बंकरमध्ये, सपाट तळाऐवजी कडेच्या उतारावर थांबलेला चेंडू बाहेर काढण्याचा फटका. ग्रीनलगतच्या (ग्रीन म्हणजे होलच्या खळग्याभोवतीची आखूड गवताची जागा) बंकरमधून खेळताना क्लब, म्हणजे गोल्फची काठी, चेंडूला थेट लागत नाही. तो चेंडूच्या साधारण ५ सेंटिमीटर मागे वाळूत शिरतो आणि उडालेली वाळू चेंडूला सोबत घेऊन बाहेर पडते. वाळू तिरकी असली की हा हिशेब चुकतो. म्हणून या फटक्यातील निम्म्याहून अधिक कसब क्लब उचलण्याआधीच, उभे राहण्याच्या पद्धतीत असते.

बंकरचा आकार बहुधा वाडग्यासारखा असतो. घट्ट वाळूत चेंडू घरंगळत तळाशी येतो. भुसभुशीत किंवा नव्याने टाकलेल्या वाळूत तो उतारावरच रुतून बसतो. ग्रीनला थोडक्यात कमी पडलेला चेंडू पुढच्या चढावर सापडतो, तर मागची कड जेमतेम ओलांडलेला चेंडू उतरत्या बाजूला.

ही उतरती बाजू सर्वांत अवघड. चेंडूमागची वाळू चेंडूपेक्षा उंच असल्याने नेहमीसारखा क्लब फिरवला तर तो फार आधी वाळूत आपटतो. मग एक तर चेंडू जागचा हलत नाही, नाहीतर क्लब उसळून चेंडूच्या मध्यावर बसतो आणि चेंडू ग्रीनपलीकडे जातो. उपाय असा: पाय नेहमीपेक्षा फाकवायचे, वजन खालच्या, म्हणजे पुढच्या पायावर ठेवायचे, खांदे उताराला समांतर करायचे आणि चेंडू थोडा मागच्या पायाकडे घ्यायचा. मनगट लवकर मोडून क्लब उभा उचलायचा आणि फटक्यानंतरही त्याचे डोके उताराच्या दिशेने खाली जाऊ द्यायचे. चेंडूला वर उचलून देण्याचा मोह इथेच घात करतो. चेंडू उंच उडणार नाही, ग्रीनवर पडून बराच पळेल, हे धरूनच जागा हेरावी. समोरची कड उंच असेल तर आडवे खेळणे शहाणपणाचे.

चढावर सारे उलटे. वजन खालच्या, मागच्या पायावर, चेंडू पुढच्या पायाकडे आणि फटका चढाला धरून. नाहीतर क्लब समोरच्या वाळूत घुसून तिथेच अडकतो. ५६ अंश लॉफ्टचा (लॉफ्ट म्हणजे क्लबच्या तोंडाचा मागे कललेला कोन) सँड वेज, म्हणजे बंकरसाठीचा क्लब, १० अंशांच्या चढावर जवळजवळ ६६ अंशांसारखा वागतो. चेंडू सरळ वर जातो आणि अंतर कापत नाही. म्हणून फटका मोठा हवा, किंवा कमी लॉफ्टचा क्लब.

चेंडू पायांच्या पातळीपेक्षा वर असला तर क्लब आखूड धरावा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो, म्हणून नेम उजवीकडे. खाली असला तर गुडघे अधिक वाकवून फटका संपेपर्यंत तसेच ठेवावेत. चेंडू उजवीकडे सरकतो.

आधुनिक सँड वेजचे श्रेय सहसा अमेरिकी खेळाडू जीन सॅराझेनला दिले जाते. त्याने क्लबच्या तळाला शिशाचे झाळकाम करून मागची कड खाली आणली आणि १९३२ मध्ये तोच क्लब घेऊन ब्रिटिश ओपन जिंकले. तळाचा हा फुगवटा, म्हणजे बाउन्स, क्लबला वाळूत खोल रुतू देत नाही. ओल्या, दबलेल्या वाळूत मात्र तोच क्लबला उसळवतो.

फेअरवेवरच्या, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या गवताळ पट्ट्यातल्या, बंकरमध्ये गणित बदलते. तिथे आधी चेंडू, मग वाळू. १९८८ च्या मास्टर्स स्पर्धेत अखेरच्या होलवर, म्हणजे मैदानाच्या शेवटच्या टप्प्यात, स्कॉटिश खेळाडू सँडी लाइलचा चेंडू अशा बंकरमध्ये किंचित चढावर स्वच्छ बसला होता. त्याने ७ नंबरच्या आयर्नने (लोखंडी क्लबने) तो ग्रीनवर नेला, बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) केली आणि एका फटक्याने स्पर्धा जिंकली. तिथे चढ आडवा आला नाही; उलट, पुढची कड ओलांडायला तोच उपयोगी पडला.

सरावासाठी सरावाच्या बंकरमध्ये, उतारावरच, वाळूत रेघ ओढावी आणि चेंडूशिवाय क्लब फिरवून वाळू रेघेपासूनच उडते का ते पाहावे. प्रत्यक्ष खेळात ही मुभा नाही: सरावाचा स्विंग करताना किंवा क्लब मागे नेताना वाळूला स्पर्श झाला तर दोन फटक्यांचा दंड होतो. पाय मात्र थोडे रोवता येतात, आणि वाळू किती खोल आहे हे बुटांच्या तळव्यांनाच आधी कळते. चेंडू खेळण्याजोगा नसेल तर एका फटक्याच्या दंडावर तो बंकरमध्येच दुसरीकडे, तर दोन फटक्यांच्या दंडावर बंकरबाहेर, होलपासून चेंडूवरून मागे जाणाऱ्या सरळ रेषेत टाकता येतो.