पाळकाचे पाचारण (ल्यूथरन पंथ)

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला मानणाऱ्या ल्यूथरन पंथातील मंडळीचे (एका चर्चच्या सभासदसमूहाचे) पाळकपद, म्हणजे धर्मगुरूचे पद, रिकामे झाल्यावर नवा पाळक शोधून त्याला रीतसर बोलावण्याची प्रक्रिया. रोमन कॅथलिक धर्मगुरूची नेमणूक बिशप करतो, मेथॉडिस्टांमध्येही पाळकांच्या बदल्या बिशपच्याच हाती असतात. ल्यूथरन परंपरेत, विशेषतः अमेरिकेत, शेवटचा शब्द स्थानिक सभासदांचा असतो. पाचारण करतो तो देव, मंडळी केवळ निमित्त, अशी श्रद्धा असल्यामुळे याला नोकरभरती म्हटलेले तिथे खपत नाही. प्रत्यक्षात समित्या, मुलाखती आणि पगाराची बोलणी यांतले काहीच सुटत नाही.

आधार 1530 च्या आउग्सबुर्ग विश्वासांगीकाराचा, म्हणजे ल्यूथरनांच्या मूळ श्रद्धापत्राचा. त्याच्या चौदाव्या कलमानुसार रीतसर पाचारण झाल्याशिवाय कोणी मंडळीत जाहीर शिकवण देऊ नये वा संस्कारविधी चालवू नयेत. पाचारण करायचे कोणी, यावर मात्र कलम गप्प आहे, आणि पुढचे सगळे वाद या मोकळ्या जागेत उगवले. सॅक्सनीतील लाइसनिग गावाने शेजारच्या बुख मठाचा पाळक नेमण्याचा हक्क झुगारला, तेव्हा 1523 मध्ये मार्टिन ल्यूथरने गावाची बाजू घेणारी पुस्तिका लिहिली : शिकवण पारखण्याचा, शिक्षक नेमण्याचा आणि काढण्याचाही अधिकार मंडळीला आहे. दोनच वर्षांनी बंडखोर शेतकऱ्यांनी आपल्या बारा मागण्यांत हीच मागणी पहिली ठेवली. बंड चिरडले गेले आणि जर्मन संस्थानांत नेमणुकीची सूत्रे राजे, सरदार व सरकारी धर्ममंडळे यांच्याकडे गेली. लाइसनिगचा विचार तीन शतके बहुतांशी कागदावर राहिला.

तो जिवंत झाला अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात, आणि तोही नामुष्कीतून. 1839 मध्ये सॅक्सनीहून आलेल्या काही शे ल्यूथरनांनी मार्टिन स्टेफान या आपल्या पुढाऱ्याला बिशप केले होते. पैशाच्या व वर्तनाच्या आरोपांवरून त्याच वर्षी त्याला पदच्युत करून मिसिसिपी नदीपार सोडण्यात आले. मागे राहिलेल्यांपुढे प्रश्न उभा राहिला : बिशप नाही, पाळक मायदेशातली पदे सोडून आलेले, मग आपण चर्च तरी आहोत का? 1841 मध्ये मिसूरीतल्याच आल्टेनबुर्ग गावी झालेल्या वादसभेत सी. एफ. डब्ल्यू. वाल्थर या तरुण पाळकाने उत्तर दिले, की जिथे देवाचे वचन आणि संस्कार आहेत तिथे चर्च आहे, आणि चर्च आहे तिथे पाचारणाचा अधिकारही आहे. 1847 मध्ये स्थापन झालेल्या मिसूरी सिनडचा (ल्यूथरन मंडळ्यांच्या संघटनेचा) तो पहिला अध्यक्ष.

आज अमेरिकेतील सर्वांत मोठ्या ल्यूथरन संस्थेत, म्हणजे 1988 मध्ये तीन चर्चच्या एकत्रीकरणातून झालेल्या इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च इन अमेरिका (ईएलसीए) मध्ये, पाळकाने निरोप घेतला की विभागीय बिशपचे कार्यालय मंडळीशी बोलणी सुरू करते. मधल्या काळासाठी हंगामी पाळक येतो. सहसा त्याला कायम पदासाठी उमेदवार होता येत नाही. निवृत्त पाळकानेही जुन्या मंडळीतल्या लग्नांना, अंत्यविधींना परस्पर उभे राहू नये असा संकेत आहे. तो पाळणे दोन्हीकडच्यांना जड जाते, कारण ज्याने मुलांना बाप्तिस्मा दिला त्यालाच लोक आजोबांच्या दफनविधीलाही बोलावू पाहतात.

खरे काम या मधल्या काळातच असते. निवडलेली समिती मंडळीची माहितीपत्रिका भरते : रविवारची हजेरी, अंदाजपत्रक, इमारतीची अवस्था, पाळकाकडून सगळ्यात आधी काय हवे. ही कागदपत्रे तयार करताना भांडणेही वर येतात. तरुण कुटुंबे आणायची आहेत असे सगळेच लिहितात. पण त्यासाठी उपासनेची वेळ किंवा गीते बदलू द्यायची का, इथे गाडी अडते. पत्रिका पूर्ण झाल्यावर बिशप जुळणाऱ्या पाळकांची नावे पाठवतो. समिती मुलाखती घेते आणि उमेदवाराचा उपदेश पुष्कळदा तिसऱ्याच चर्चमध्ये जाऊन ऐकते, म्हणजे त्याच्या सध्याच्या मंडळीत कुजबूज होत नाही.

मतदानाला मंडळीपुढे एकच नाव येते, कारण दोन उमेदवारांची उपदेशस्पर्धा लावणे अशोभनीय मानतात. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश सभासदांचा कौल लागतो, मतदान चिठ्ठ्यांनी होते. जेमतेम कौल मिळाला तर नियमाने पाचारण करता येते, पण शहाणा पाळक अशा ठिकाणी जाताना दहा वेळा विचार करतो. पाचारणपत्रावर बिशपची साक्षही लागते.

मिसूरी सिनडमध्ये पाळक अर्ज करत नाही. शोधात नसलेल्यालाही पाचारणपत्र येऊ शकते. मग त्याच्या हातात दोन पाचारणे असतात, आहे त्या मंडळीचे आणि नव्याचे. दोन्हीकडचे लोक त्याला सल्ला देतात, तो प्रार्थना करतो, आणि बऱ्याचदा ‘इथेच राहतो’ असे कळवून नवे पत्र परत करतो. नव्या मंडळीला यादी पुन्हा उघडावी लागते. नवपदवीधरांना सेंट लुइस व फोर्ट वेन येथील सेमिनरींत (पाळक घडवणाऱ्या विद्यालयांत) वसंतातील एका उपासनेत आपले ठिकाण सर्वांसमक्ष कळते. हे सिनड स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देत नाही. ईएलसीएच्या पूर्वसंस्थांपैकी दोघींनी ती 1970 मध्ये सुरू केली.

भारतात ल्यूथरन मिशन 1706 मध्ये तमिळ किनाऱ्यावरच्या, डॅनिशांच्या ताब्यातील तरंगंबाडीत (त्रांकेबार) आले, तेव्हा तो मुलूख तंजावरच्या भोसल्यांच्या राज्याला लागून होता आणि डॅनिश लोक त्यांना खंडणी भरत. पहिल्या भारतीय ल्यूथरन पाळकाला, आरोन यांना, तिथेच 1733 मध्ये दीक्षा मिळाली. भारतातील मोठ्या ल्यूथरन चर्चमध्ये पाळकांच्या बदल्या बहुधा मध्यवर्ती संस्थाच ठरवते.

अमेरिकेतही लहान मंडळ्यांची निवड आता नावापुरती उरू लागली आहे. पाळक कमी, पूर्ण पगार परवडत नाही. त्यामुळे दोन-तीन मंडळ्या मिळून एकाच पाळकाला बोलावतात. अशा वेळी पाचारणासाठी प्रत्येक मंडळीला वेगळे मतदान घ्यावे लागते, आणि रविवारी सकाळी नऊची उपासना कोणाची, हेही आधीच ठरवून घ्यावे लागते.