आवाज रांगेत कसा अडकला

नागपुरात धरमपेठेपासून आयटी पार्कपर्यंत छोट्या ऑफिसांत एक तक्रार हमखास ऐकू येते. लाइन १०० एमबीपीएसची आहे, तरी इंटरनेटवरून केलेल्या फोनचा आवाज तुटतो. "स्पीड तं बरोबर दाखवते, मंग आवाज काहून तुटते?" मग कोणीतरी राउटरच्या पानावर जाऊन 'क्यूओएस' (क्वालिटी ऑफ सर्व्हिस, म्हणजे कोणता डेटा आधी सोडायचा हे ठरवणारी सोय) चालू करतं. कधी फरक पडतो, कधी होतं तेही बिघडतं. त्या एका बटणामागे चाळीसेक वर्षांची खटपट आहे.

जुन्या टेलिफोनला हा प्रश्नच नव्हता. कॉल लागला की तेवढ्या वेळेपुरती वाट तुमची. आवाज डिजिटल झाला तरी रीत तीच राहिली: सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येक ८ बिटांचा, म्हणजे ६४ किलोबिटची राखीव जागा. तुम्ही बोला किंवा गप्प बसा, ती दुसऱ्याला मिळत नसे. उधळपट्टीच ती, पण आवाजाला कुठे थांबावं लागत नसे.

इंटरनेटनं राखीव जागा काढून टाकली. इथे डेटा छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जातो, आणि पॅकेट येईल तसं रांगेला लागतं. सप्टेंबर १९८१ च्या आयपी (इंटरनेट प्रोटोकॉल) मानकात प्रत्येक पॅकेटवर एक बाइट ठेवला होता, तातडी किती आणि उशीर चालेल का, हे लिहायला. लिहायची सोय झाली. वाचून त्याप्रमाणे वागणारे राउटर मात्र फारसे नव्हते.

ऑक्टोबर १९८६ मध्ये वेगळंच संकट आलं. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्डांचं, पण तिथला वेग ३२ किलोबिटवरून ४० बिटांवर कोसळला. संगणकतज्ज्ञ व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या उपायानं टीसीपी, म्हणजे पॅकेटं किती वेगानं पाठवायची हे ठरवणारा प्रोटोकॉल, गर्दी दिसताच मागे सरायला शिकलं. पण गर्दी ओळखायची खूण एकच: पॅकेट गळणं. तोवर वेग वाढवत राहायचा. या सवयीचा त्रास पुढे आवाजाला झाला.

१९९० च्या दशकात दोन पंथ पडले. एक म्हणत होता, प्रत्येक कॉलसाठी वाटेतल्या सगळ्या राउटरांकडे आधी जागा मागून घ्या. म्हणजे पुन्हा टेलिफोनच! लाखो कॉलांचा हिशोब प्रत्येक राउटरनं ठेवणं झेपणारं नव्हतं. १९९८ मध्ये दुसऱ्या पंथाचं 'डिफसर्व्ह' आलं. त्यानं तोच जुना बाइट नव्यानं वापरला, आणि आवाजाच्या पॅकेटांवर ४६ हा आकडा, म्हणजे 'याला आधी जाऊ द्या' अशी खूण, घालायची पद्धत रूढ झाली. मेख एवढीच की हा आकडा तुमच्या जाळ्यात चालतो. पुढे इंटरनेट कंपनीनं तो पुसला तर तुम्ही काही करू शकत नाही.

भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला मर्यादित परवानगी मिळाली. २००४ च्या धोरणानं ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ किलोबिट, असं ठरवलं. त्या वेगावर १,५०० बाइटचं एक पॅकेट बाहेर पडायलाच सुमारे ४७ मिलिसेकंद लागतात. आपल्या नागपूरच्या डायमंड क्रॉसिंगवर, जिथे रूळ एकमेकांना छेदतात, मालगाडी शिरली की तिचा शेवटचा डबा जाईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं, तसंच. बोलणं सहज वाटावं तर एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत हवा. अशा तीन मालगाड्या पुढे लागल्या की सवलत जवळपास संपलीच. तेव्हा आवाजाला पुढे काढणं खरोखर गरजेचं होतं.

आज एका कॉलला जुन्या ६४ किलोबिटच्या पद्धतीनंही, पॅकेटांवरचे पत्ते धरून, साधारण ८० किलोबिट लागतात. १०० एमबीपीएसमध्ये ते चिल्लरच. तरी आवाज का तुटतो? मेमरी स्वस्त झाली आणि मोडेम-राउटरात अवाढव्य बफर, म्हणजे पॅकेटं थांबवून ठेवायच्या जागा, आले. पॅकेट गळेचना, म्हणून टीसीपी रांग भरतच राहिलं. सीसीटीव्हीचं फुटेज वर चढायला लागलं की मागे लागलेला आवाज ताटकळतो. २०१० च्या सुमारास संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांना हे स्वतःच्या घरच्या लाइनवर सापडलं, आणि त्याला 'बफरब्लोट' हे नाव पडलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी 'कोडेल' ही रांग सांभाळायची पद्धत आणली. रांग किती लांब आहे, यापेक्षा पॅकेट किती वेळ थांबलं हे ते बघतं. ५ मिलिसेकंदांच्या वरचं थांबणं टिकून राहिलं की ते पॅकेटं टाकून द्यायला लागतं, म्हणजे टीसीपी मागे सरतं. त्यातूनच निघालेलं 'एफक्यू-कोडेल' प्रवाह वेगळे करतं, त्यामुळे आवाजाचा बारीक प्रवाह आकडा न लावताही पुढे सरकतो. माझ्या मते छोट्या ऑफिसासाठी ४६ च्या आकड्यापेक्षा हाच शोध मोलाचा.

मग क्यूओएस लावून बिघडतं काहून? रांग आपल्या राउटरात लागली तरच तिच्यावर आपला ताबा, म्हणून क्यूओएसमध्ये भरायची वेगाची मर्यादा खऱ्या वेगापेक्षा थोडी खाली ठेवावी लागते. १०० च्या लाइनला ९०-९५. ती प्रत्यक्ष वेगाच्या वर ठेवली तर रांग कंपनीच्या उपकरणात जाऊन साचते. दुसरी अडचण प्रोसेसरची. एरवी स्वस्त राउटर पॅकेटं हार्डवेअरच्या आडवाटेनं भराभर पुढे ढकलतो. क्यूओएस लावलं की बऱ्याचदा प्रत्येक पॅकेट प्रोसेसरकडून जातं आणि त्याचा दम निघतो. अशा वेळी आवाज सुधारला तरी स्पीड टेस्टचा आकडा पडतो आणि लोक ते बटण पुन्हा बंद करतात.