सॅक डोंगरातली, सॅक शिकारीतली

अमेरिकेत, कोलोरॅडोत सप्टेंबर लागला की धनुष्यबाणानं शिकार करणारा माझा शेजारी विचारतो, "यंदा येतोस ना?" मी शिकारी नाही. बाण सोडायची छाती नाही, परवानाही नाही. पण सह्याद्रीत तुडवलेल्या वाटांमुळे पाठ अजून शाबूत आहे, त्यामुळे मी जातो तो हमाल म्हणून.

पहिल्या वर्षी माझी जुनी निळी ट्रेकची सॅक घेतली होती. तीस लिटरची, राजगड आणि हरिश्चंद्रगड पाहिलेली. शेजाऱ्याच्या पाठीवर तेवढीच मोठी, पण मातकट रंगाची. मी मनात म्हटलं, रंग सोडला तर फरक तो काय? अर्ध्या तासात आम्ही झुडपांत शिरलो आणि माझ्या पाठीमागून आवाज सुरू झाला. खर्र… खर्र… प्रत्येक फांदी कापडावर नख ओढल्यासारखी घासत होती. शेजारी काही बोलला नाही. वळून नुसतं बघितलं.

दुकानात दोन्हींच्या चिठ्ठीवर डेपॅक, म्हणजे दिवसभराची सॅक, असंच लिहिलेलं असतं. दोन्हींना कमरपट्टा, छातीचा पट्टा, पाण्याच्या नळीला भोक. भारतात हा गोंधळ होण्याचं कारण नाही, कारण 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार शिकारीवर बंदीच आहे. पण इथे आलेली आपली मंडळी कधी सहकाऱ्याबरोबर, कधी सासुरवाडीच्या हौसेखातर जंगलात जातात आणि हमखास ट्रेकचीच सॅक उचलतात.

मुळात अंतर लक्षात घ्या. रायफलवाला दोनशे यार्डांवरून काम उरकतो. धनुष्यवाल्याला जनावर तीस-चाळीस यार्डांवर यावं लागतं, झाडावरच्या मचाणावरून तर वीसच्या आसपास. हातातलं धनुष्य बहुतेक वेळा कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं. 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरच्या ओजस देवतळे यांनी जागतिक अजिंक्यपद मिळवलं ते याच प्रकारात. ते दोघे 50 मीटरवर बाण मारतात, पण लक्ष्य हलत नाही आणि त्याला कान नसतात. इथे बक्कल कट्कन वाजलं तरी सकाळ फुकट.

म्हणून शिकारीच्या सॅकचं कापड मऊ, लवदार असतं. बोट फिरवलं तर शालीसारखं लागतं. त्यात तोटा आहे. असं कापड पाणी पितं, जड होतं, काटेकुसळं उचलतं. ट्रेकच्या सॅकचं नायलॉन हलकं, चिवट आणि पाणी झटकणारं, आपल्या पावसाला तेच बरं. पण ते बोलतं. वेल्क्रो तर शिकारीत नकोच. चेनच्या धातूच्या ओढण्या काढून तिथे दोरीची गाठ मारतात. रेनकव्हरचं चुरचुर वेगळंच. मी खाऊसाठी भडंगाचं पाकीट नेलं होतं, ते फोडण्याची परवानगी दुपारी दीडला मिळाली.

रंगाचा मामला उलटा निघाला. मला वाटलं होतं भगवी सॅक सर्वांत वाईट. पण हरणाच्या जातीच्या डोळ्यांना लाल-नारिंगी नीट दिसत नाही. त्यांच्याकडे रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, आणि निळा त्यांना आपल्यापेक्षा चांगला दिसतो. म्हणजे गडावर गोजिरी दिसणारी माझी निळी सॅक तिथे कंदील होती. रायफलच्या मोसमात कोलोरॅडोत भडक नारिंगी किंवा गुलाबी अंगावर घालणं सक्तीचं आहे, तेही 500 चौरस इंच. मागून सॅक ते झाकते, म्हणून त्या दिवसांत सॅकवरही नारिंगी कापड टाकलेलं बरं.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. दोरी गालापर्यंत खेचली की ती छातीच्या अगदी जवळून जाते. ट्रेकच्या सॅकला छातीवर शिट्टीचं बक्कल, पाण्याची नळी, मोबाइलचा खिसा असा संसार लोंबतो. सुटलेली दोरी यातल्या कशालाही चाटली तर बाण भलतीकडे. त्यामुळे सॅक पाठीवर चढवून धनुष्य ताणून पाहायचं, उभं राहून आणि गुडघ्यावर बसूनही. मात्र बाण न लावता दोरी सोडायची नाही, हळूहळू परत आणायची. रिकामं सोडलेलं धनुष्य तडकू शकतं. बाणांची पाती ब्लेडसारखी असतात, ती भात्याच्या टोपणातच राहू द्यावीत.

इथवर सगळं जातानाचं. खरा फरक परतताना कळतो.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा आडदांड भाऊबंद. मोठा नर साधारण 300 किलोचा, हाडं काढलेलं मांस 90 किलोच्या घरात. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं कोलोरॅडोत गुन्हा आहे. गाडी दोन मैलांवर, आणि उंची तीन हजार मीटर, म्हणजे जवळजवळ दोन कळसूबाई. त्या वर्षी शेजाऱ्याला नर मिळाला. पुढचा एक पाय माझ्या वाट्याला आला, सुती पिशवीत घालून. सॅकमध्ये तो मावेना. खूर बाहेर, चेन अर्धी उघडी. वीस किलो असेल. शंभर पावलांत खांद्याचे बंद रुतले. कमरपट्टा बोटभर रुंदीची पट्टी, ती पोटात गेली, वजन काही घेईना.

कारण सोपं आहे. आपल्या सॅकच्या पाठीला जाळी ताणलेली असते, घाम वाळावा म्हणून. त्यामुळे ओझं पाठीपासून चार बोटं दूर राहतं. सात-आठ किलोला ते चालतं. वीस किलोला तेच ओझं तुम्हाला मागे ओढतं, आणि मांस तर भिजल्या गोधडीसारखं खाली खाली सरकतं. शिकारीच्या चांगल्या सॅकमध्ये मागे ताठ सांगाडा असतो, आणि पिशवी त्यापासून सैल करता येते. मधल्या फटीत मांस ठेवायचं, दोन खांद्यांच्या मध्ये उंच, आणि पट्टे आवळायचे. ओझं पाठीला चिकटतं, भार तळहाताएवढ्या रुंद कमरपट्ट्यावर उतरतो. मांस पिशवीच्या बाहेर राहतं म्हणून वारा लागतो, लवकर गार होतं. नायलॉनच्या बंद सॅकमध्ये सप्टेंबरच्या दुपारी ते आंबायला वेळ लागत नाही. शिवाय माझ्या सॅकला लागलेला वास तीनदा धुऊनही गेला नाही. बायकोनं ती गॅरेजबाहेर काढली.

मग सरसकट सांगाड्याचीच घ्यावी का? मला नाही वाटत. ती रिकामीच दोन-अडीच किलो भरते आणि महाग असते. पूर्वेकडच्या राज्यांत मचाणावर बसून व्हाइटटेल हरणाची वाट बघणाऱ्याला तिचा काडीचा उपयोग नाही. गाडी जवळ असते, हरीण ओढत नाहीतर ढकलगाडीवरून आणतात. त्याला वीस-पंचवीस लिटरची मऊ, मुकी पिशवी हवी, जी खोडाच्या हुकाला टांगून बसल्याबसल्या एका हातानं उघडता येईल. वर चढताना ती पाठीवर घेत नाहीत, मागून दोरीनं ओढून घेतात. कमरेची पिशवीही पुष्कळांना पुरते. सांगाडा घ्यावा तो एल्कच्या मागे गाडीपासून मैलभर लांब जाणाऱ्यानं. आणि माझ्यासारख्या हमालानं.

खरेदीच्या वेळी माप बघून गडबडू नका. शिकारीच्या सॅक बहुधा घन इंचांत मोजतात. 61 घन इंच म्हणजे एक लिटर. 1,800 चा आकडा वाचून डोळे विस्फारतात, पण ती आपली तीसचीच. खिशांची संख्या मी बघतच नाही. बाहेरून कापडावर नख ओढतो, सगळी बक्कलं एकेक उघडून कानाशी धरतो.

सांगाड्याची असेल तर घरी आणल्यावर अजून एक करतो. इंडियन स्टोअरमधल्या सोना मसुरीच्या वीस पौंडी दोन पिशव्या त्या फटीत बांधायच्या आणि तळघरापासून माळ्यापर्यंत दहा फेऱ्या मारायच्या. गेल्या वर्षी आणलेल्या सॅकचा डावा पट्टा सातव्या फेरीला सरकायला लागला. बिल जपून ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी परत केली. तांदूळ संपायला दिवाळी उजाडली.