उद्भवलेले की बळावलेले: मणक्यांच्या अपिलांतील नेहमीची गल्लत

कंबरेच्या किंवा मानेच्या मणक्यांची झीज झालेल्या माजी सैनिकाचा अपंगत्व निवृत्तिवेतनाचा दावा फेटाळला गेला, की अपिलात बहुधा वेदनेचेच वर्णन येते: वाकता येत नाही, मान वळत नाही, हाताला मुंग्या येतात. सोबत नवा एमआरआय जोडलेला असतो. हे सारे खरे असते, पण ते नकाराचे उत्तर नसते, कारण सैनिकाची तपासणी करणाऱ्या लष्करी वैद्यकीय मंडळाने बहुतेक वेळा दुखणे नव्हे, तर दुखण्याचा लष्करी सेवेशी असलेला संबंध नाकारलेला असतो.

या निवृत्तिवेतनासाठी असलेली किमान २० टक्के अपंगत्वाची अट सर्व सैनिकांना पाठ आहे. पहिले अपील आणि दुसरे अपील यांतला फरकही साधा आहे: समिती बदलते, मुद्दा तोच राहतो, आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण असते.

खरी गल्लत ‘अॅट्रिब्युटेबल’ म्हणजे सेवेमुळे उद्भवलेले आणि ‘अॅग्रव्हेटेड’ म्हणजे सेवेमुळे बळावलेले, या दोहोंत होते. नियमात त्यांच्यामध्ये ‘किंवा’ आहे; एक सिद्ध झाले तरी पुरते, आणि ‘बळावलेले’ ठरले म्हणून रक्कम घटत नाही. तरीही मंडळाने ‘झीज वयोमानाने’ असे लिहिले, की सैनिक ‘नाही, सेवेमुळेच’ असे उत्तर देतो आणि सर्वांत अवघड बाजू लढवत बसतो. झीज वयाची आहे हे मान्य करूनही, पाठीवर ओझे घेऊन केलेल्या चढाईने किंवा खडबडीत रस्त्यांवर वर्षानुवर्षे जड वाहन चालवल्याने ती बळावली, असे म्हणता येते. त्यासाठी पहिली तक्रार कधी झाली, तेव्हा नेमणूक कुठे होती आणि वैद्यकीय श्रेणी, म्हणजे शारीरिक पात्रतेचा दर्जा, केव्हा खालावली, या तारखा एकाखाली एक मांडाव्यात. त्या एमआरआयपेक्षा जास्त बोलतात. सेवेत पडून मणक्याला इजा झाली असेल आणि इजा अहवाल हाती असेल, तर मात्र ‘उद्भवलेले’ हेच ठामपणे मागावे. एरवी दोन्ही मागण्या कराव्यात आणि ‘बळावलेले’ हा पर्याय एका ओळीत न उरकता सविस्तर लिहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसेल तर सैनिक सुदृढ होता असे गृहीत धरावे आणि सिद्धतेचा भार त्याच्यावर टाकू नये, हे या निवृत्तिवेतनाची पात्रता ठरवणाऱ्या १९८२च्या नियमांच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितले. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून सेवेबाहेर पडलेल्यांना नवे नियम लागू आहेत. हा निकाल जुन्या नियमांवर उभा असल्याने त्यांच्या अपिलात त्याचे परिच्छेद तसेच्या तसे उतरवणे घातक आहे. म्हणून लेखणी उचलण्यापूर्वी मंडळाच्या कार्यवाहीची प्रत मागवावी आणि नकाराचे कारण त्यात कोणत्या शब्दांत नोंदवले आहे, ते वाचावे.