दुःखाला काळा-पांढरा रंग कसा चिकटला

श्रद्धांजलीचा फोटो आपण सहज करडा करून टाकतो. दुःख म्हटलं की कृष्णधवल, ही जोडी इतकी अंगवळणी पडली आहे. सुरुवातीला मात्र यात निवड अशी नव्हतीच.

१८३९ साली पॅरिसमध्ये डागेरोटाइप या फोटो काढण्याच्या सुरुवातीच्या पद्धतीची घोषणा झाली, तेव्हा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटायचा तो फक्त उजेड आणि सावली. एक्स्पोजर, म्हणजे पत्र्यावर उजेड पडू देण्याचा वेळ, लांबलचक. जिवंत माणूस जरा हलला की धूसर व्हायचा, मृत माणूस मात्र रेखीव यायचा. युरोप-अमेरिकेत दगावलेल्या मुलांचे फोटो काढून घेण्याची रीत पडली. कित्येक घरांत त्या मुलाचा तेवढा एकच फोटो असे. (मृतदेहाला लोखंडी स्टँडला टेकवून उभं करत, ही इंटरनेटवर फिरणारी गोष्ट खोटी आहे. ते स्टँड जिवंतांची मान स्थिर राहावी म्हणून असत.)

यात रसायनांचाही हात होता. पुढे पत्र्याऐवजी काचा वापरात आल्या. त्यांच्यावरचा रसायनांचा थर निळा प्रकाश चटकन टिपायचा, तांबड्याला मात्र जवळपास आंधळा असायचा. त्यामुळे ओठ, डोळ्यांभोवतीची लाली, कातडीवरचे डाग, सगळं मुळापेक्षा गडद उमटे. चेहरा होता त्याहून जास्त सोसलेला दिसे, आणि त्यासाठी कुणाला काही करावंही लागत नसे.

पुढे छायाचित्रकार हे मुद्दाम करू लागले. डार्करूममध्ये प्रिंट काढताना एखादा भाग हाताने झाकून उजळ ठेवायचा, दुसऱ्याला जास्त उजेड देऊन काळा करायचा. यात अमेरिकन छायाचित्रकार युजीन स्मिथचा हात धरणारे थोडेच. १९५१ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात त्याची स्पेनमधल्या देलेइतोसा गावावरची चित्रमालिका आली. त्यातल्या एका चित्रात मृत म्हाताऱ्याभोवती घरच्या बायका बसल्या आहेत. भोवती काळोख, त्यात फक्त चेहरे उजळलेले. त्यातल्या दोघींची नजर भलतीकडे गेली होती. स्मिथने त्यांचे डोळे प्रिंटमध्ये जवळजवळ काळे केले आणि ब्लीचने डोळ्यांचा पांढरा भाग नव्याने घडवून नजर वळवली. याला लबाडी म्हणावं का? बातमीच्या नियमाने हो. पण त्या खोलीतलं दुःख त्याने बनवलेलं नव्हतं, एवढं मी त्याच्या बाजूने म्हणेन.

सोव्हिएत छायाचित्रकार दिमित्री बाल्तेरमांत्सने तर आकाशच बदललं. जानेवारी १९४२, क्राइमियातलं केर्च. नाझींनी मारलेल्यांच्या प्रेतांमध्ये बायका आपली माणसं शोधताहेत. आज ओळखीच्या असलेल्या प्रिंटमध्ये वर दाटलेले काळे ढग दुसऱ्या निगेटिव्हवरून आणून जोडलेले आहेत. रंगीत चित्रात असा सांधा लपवणं फार जड गेलं असतं.

कोडाक्रोम ही रंगीत फिल्म १९३५ मध्येच बाजारात आली होती. तरी वर्तमानपत्रं पुढे कित्येक दशकं काळ्या शाईवरच चालली, त्यामुळे युद्ध, दुष्काळ, अंत्ययात्रा हे सारं वाचकांनी करड्या छटांतच पाहिलं. गंभीर बातमी म्हणजे कृष्णधवल, ही सवय तिथली. मग रंगीत फिल्म सर्रास झाली आणि जाहिरातींनी रंग आपलासा केला. त्यानंतर कृष्णधवल वापरणं म्हणजे ठरवून केलेली गोष्ट झाली. जपानी छायाचित्रकार नोबुयोशी अराकीने १९९० मध्ये बायको गेली तो काळ टिपला तो कृष्णधवलमध्येच, आणि हाच अराकी भडक रंगांसाठीही ओळखला जातो.

दोन्ही शेजारी ठेवून पाहायची असतील तर भोपाळ, डिसेंबर १९८४. वायुगळतीत मेलेल्या एका अनोळखी बाळाचं दफन पाब्लो बार्थोलोम्यूने रंगीत टिपलं, रघू राय यांनी कृष्णधवल. वर्ल्ड प्रेस फोटो या बातमी-छायाचित्रांच्या जागतिक स्पर्धेचा त्या वर्षीचा सर्वोच्च मान रंगीत चित्राला मिळाला, तेव्हा रंगात दुःख मावत नाही असं म्हणायला जागा नाही. रंगीत चित्र आपल्याला त्या दिवशी, त्या खड्ड्यापाशी नेऊन उभं करतं. राय यांच्या चित्रात माती आणि कातडी एकाच करड्या छटेत मिसळत जातात. उरतात ते उघडे डोळे आणि कपाळावरून फिरणारा एका मोठ्या माणसाचा हात.