तुलनात्मक लाभ

दोन देशांपैकी एक देश दोन्ही वस्तू कमी श्रमांत तयार करत असला, तरी त्यांच्यातील व्यापार दोघांनाही फायद्याचा ठरू शकतो, असे सांगणारा अर्थशास्त्रातील सिद्धांत. अधिक कार्यक्षम कोण, यावर येथे काहीच ठरत नाही. एक वस्तू मिळवण्यासाठी दुसरी किती सोडावी लागते, हे प्रमाण दोन देशांत वेगळे असले की व्यापाराला जागा होते. अॅडम स्मिथने १७७६ मध्ये मांडलेल्या निरपेक्ष लाभाच्या, म्हणजे जी वस्तू जो देश कमी श्रमांत करतो ती त्यानेच करावी या, विचाराची मजल इथपर्यंत गेलेली नव्हती.

सिद्धांताचे श्रेय सामान्यतः डेव्हिड रिकार्डोला दिले जाते. त्याच्या १८१७ च्या ग्रंथातील परकीय व्यापारावरील सातव्या प्रकरणात तो येतो. मात्र रॉबर्ट टॉरेन्सने १८१५ मध्येच असे लिहिले होते की, इंग्लंडची जमीन पोलंडपेक्षा सरस असली तरी कापड देऊन पोलंडचे धान्य घेणे इंग्लंडला परवडू शकते. काही अभ्यासक जेम्स मिलकडेही बोट दाखवतात. टॉरेन्सने एका देशाची बाजू नेमकी हेरली, पण दोन्ही देशांतील खर्चांची गुणोत्तरे समोरासमोर ठेवली नाहीत. त्यामुळे रिकार्डोचा मान कायम ठेवणेच रास्त वाटते. अर्थशास्त्रज्ञ रॉय रफिन यांनी रिकार्डोला ही कल्पना १८१६ च्या ऑक्टोबरच्या सुमारास सुचली असावी, असे अनुमान केले आहे.

रिकार्डोच्या चार आकड्यांचा अर्थही वादाचा आहे. इंग्लंडला कापडासाठी १०० आणि मद्यासाठी १२० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात, तर पोर्तुगालला अनुक्रमे ९० आणि ८०. पाठ्यपुस्तके हे एका नगाचे खर्च समजतात. पण रिकार्डोचा मजकूर नीट वाचला, तर हे श्रम प्रत्यक्ष अदलाबदल होणाऱ्या मालाच्या एकूण परिमाणाचे आहेत, असे दिसते. अर्थशास्त्रज्ञ स्राफा यांनी १९३० मध्ये तसे सुचवले. पुढे रफिन आणि मानेस्की यांनी ते विस्ताराने मांडले. हे वाचन अधिक सरळ आहे. १०० माणसांचे कापड देऊन इंग्लंड १२० माणसांचे मद्य मिळवते, म्हणजे २० जणांचे श्रम वाचतात. पोर्तुगालचे १० जणांचे. एवढ्यातच दोघांचा लाभ सिद्ध होतो, विनिमयदर, म्हणजे किती कापडाला किती मद्य, वेगळा गृहीत धरावा लागत नाही. तो दर कसा ठरतो, याचा खुलासा जॉन स्टुअर्ट मिलने परस्पर मागणीच्या, म्हणजे एकमेकांच्या मालाला दोन्ही देशांत असलेल्या मागणीच्या, आधारे केला. १९३० च्या दशकात हाबर्लर यांनी श्रममूल्याऐवजी संधिखर्च, म्हणजे एक वस्तू करताना सोडावी लागणारी दुसरी, आणला. हेक्शर आणि ओहलीन यांनी लाभाचे मूळ भांडवल, श्रम, जमीन यांच्या कमीअधिक उपलब्धतेत शोधले.

सोलापूरचा टेरी टॉवेल घेऊन एक काल्पनिक हिशेब मांडता येईल. समजा, येथे डझनभर टॉवेलांना ४ तास आणि मागाच्या एका सुट्या भागाला १२ तास लागतात. परदेशात २ आणि ३. परदेश दोन्हींत पुढे आहे. तरी येथे एका भागापायी ३ डझन टॉवेल सोडावे लागतात, तिकडे दीडच डझन. २ डझनाला एक भाग असा सौदा झाला, तर सोलापूर ८ तासांच्या विणकामात १२ तासांची वस्तू मिळवते आणि परदेशाला ३ तासांच्या कामात ४ तासांचे टॉवेल मिळतात.

या हिशेबात कामगार एका धंद्यातून दुसऱ्यात सहज जातो, असे धरलेले असते. टेरीच्या मागावर दोन ताणे असतात, एक घट्ट, एक सैल. ठरावीक आडवे धागे पडले की फणी ते एकदम पुढे ठोकते आणि सैल ताण्याचे फासे उभे राहतात. तो ताण सांभाळण्याचे कसब सोलापूर शहराच्या पूर्वभागातील विणकर कुटुंबांत वर्षानुवर्षे मुरलेले आहे. चादर आणि टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परदेशी मागणी घटली, तर हा कामगार सांगोल्याच्या डाळिंबबागेत तितक्याच मोलाचा ठरत नाही. देशाचा एकूण लाभ आणि एखाद्या पेठेतील मजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाभातून नुकसान झालेल्यांची भरपाई करणे शक्य आहे, एवढेच सिद्धांत सांगतो. ती कोणी, कशी करायची, हे तो धोरणावर सोडतो. भांडवल सहसा देश ओलांडत नाही, हेही रिकार्डोने गृहीत धरले होते. ते मोकळे फिरत असते, तर कापड आणि मद्य दोन्ही पोर्तुगालमध्येच तयार करणे इंग्लंडच्या भांडवलदारांना फायद्याचे झाले असते, हे त्याने स्वतःच नोंदवले आहे.