ओठांची अंबाबाई, जिभेचा रंकाळा

माझ्या सात वर्षांच्या भाचीला सेरेब्रल पाल्सी आहे. तिला सगळं समजतं. कोल्हापुरात महाद्वार रोडवरून अंबाबाईच्या देवळाचं शिखर दिसलं की ती हात उचलून म्हणते, ‘अम्मामाई!’ रंकाळा तलावावर गेलो की मात्र तिच्या तोंडून ‘अंआआ’ एवढंच येतं. गल्लीत म्हणतात, ‘पोरीची जीभ जड हाय.’ कुणी वेखंड उगाळून चाटवायला सांगतं, कुणी जिभेखालचा पडदा कापून घ्या म्हणतं.

पण या आजाराचं मूळ जिभेत नाही. जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच, वाढत्या मेंदूच्या हालचाली चालवणाऱ्या भागाला इजा झालेली असते. ती इजा पुढे पसरत नाही, पण स्नायूंना जाणारे हुकूम विस्कटतात. कुणाचे स्नायू ताठरतात. खासबागेत दोन तुल्यबळ पैलवान एकमेकांत अडकून पडावेत, तसे विरुद्ध दिशेचे स्नायू एकदम आवळले जातात आणि जबडा जागचा हलत नाही. कुणाच्या चेहऱ्यावर मनात नसलेल्या हालचाली येत राहतात.

‘अंबाबाई’ सावकाश म्हणून पाहा. ओठ मिटतात, टाळूचा मागचा मऊ भाग खाली असतो, हवा नाकातून जाते: हा म. मग ओठ मिटलेलेच असताना तो मऊ भाग वर उचलून नाकाची वाट बंद करतो, तोंडात हवा कोंडते आणि ओठ उघडताच ब फुटतो. टाळू वेळेवर उचलली गेली नाही, तर ब चा म होतो. ‘अम्मामाई’ तो हाच. म्हणजे भाचीचे ओठ बरोबर जुळले, आवाज बरोबर निघाला, चुकली ती एकटी टाळू. मला ही चूक फार मोलाची वाटते, कारण अडचण कुठे आहे ते ती बोट ठेवून दाखवते.

या शब्दात जिभेला फारसं काम नाही, जबडा वर-खाली झाला की भागतं. बाळं ‘मामा’, ‘बाबा’ आधी म्हणतात, त्यामागेही हेच एक कारण आहे: जबड्यावरचा ताबा लवकर येतो. ‘रंकाळा’त मात्र सगळा भार जिभेवर. र ला शेंडा हिरडीमागे टेकवायचा, क च्या आधी जिभेची मागची बाजू टाळूला लावायची, आणि ळ ला शेंडा मागे वळवून झटकन पुढे आणायचा. त्यासाठी जिभेला जबड्यापासून सुटं हलता यावं लागतं. या मुलांत ती बरेचदा जबड्याबरोबरच ओढली जाते. रे केंट आणि रोनाल्ड नेटसेल यांनी १९७८ मध्ये अथेटॉइड प्रकारच्या, म्हणजे मनात नसलेल्या हालचाली येत राहणाऱ्या, रुग्णांची बोलतानाची क्ष-किरण चलचित्रं अभ्यासली. जबड्याच्या वाजवीपेक्षा मोठ्या हालचाली, जिभेला जागा न सापडणं, टाळूची अस्थिरता हे सगळं त्यांत दिसलं. त्यात आपली मराठी प, फ, ब, भ असे चार वेगळे उच्चार मागते, आणि त्यांतला फरक ओठ व स्वरयंत्र यांच्या वेळेतल्या सेकंदाच्या काही शतांशांचा!

या सगळ्याखाली श्वास असतो. बोलताना आपण पटकन श्वास घेतो आणि तो बराच वेळ पुरवून सोडतो. छाती-पोटाच्या स्नायूंवर ताबा नसेल तर ‘आई, मला पाणी दे’ मधली ‘आई’ मोठ्यानं येते आणि ‘दे’ ऐकूच येत नाही. ब्रिटनमधल्या संशोधक लिंडसे पेनिंग्टन यांनी म्हणूनच श्वास, आवाज आणि बोलण्याचा वेग यांवर भर देणारी थेरपी तपासली. आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे. त्यानंतर मुलांचं बोलणं ऐकणाऱ्यांना जास्त कळू लागलं. नुसते फुगे फुगवून किंवा शिट्ट्या वाजवून बोलणं सुधारतं, याला मात्र भक्कम पुरावा नाही. बोलायला बोलण्याचाच सराव लागतो.

बोट ठेवून हवं ते सांगता यावं म्हणून चित्रांचा तक्ता दिला तर मूल बोलायचा आळस करेल, ही भीतीही मनातून काढून टाका. तक्त्यामुळे बोलणं मागे पडत नाही, असंच अभ्यासांत दिसलं आहे.

परवा रंकाळ्याच्या कट्ट्यावर तिची पाठ टेकवून, पाय नीट टेकतील असं बसवलं. तिनं आधी तक्त्यावर कणसाच्या चित्रावर बोट ठेवलं. मी गप्प थांबलो. तिनं श्वास घेतला आणि एका दमात म्हणाली, ‘मामा, अईस.’ कणीसवाल्या मावशींनी मला काही न विचारता तिलाच विचारलं, ‘तिखट लावू का गं?’